वहीतली वरची ओळ

८ नोव्हेंबर १९७६, सोमवार
गडहिंग्लज

उद्यापासून वाडीवर पंधरा दिवसांचं महिला शिबिर. ग्रामसेविका होऊन मला आठ महिने झाले, पण एकटीनं शिबिर घ्यायची ही पहिलीच वेळ. सकाळपासून जेवण गोड लागत नाही.

कोल्हापूरला प्रशिक्षणात बाईंनी शिकवलं होतं, बायकांपुढं भाषण ठोकू नका. गोल करून बसवा, त्यांच्या गोष्टी त्यांना सांगू द्या. आजार, पाणी, बाळंतपण, सगळं त्यातून आपोआप निघतं. तेव्हा मान डोलावून सगळं लिहून घेतलं. आता वाटतं, कुणी तोंडच उघडलं नाही तर?

आज ऑफिसात बैठक झाली. आमचे विस्तार अधिकारी पोतनीस साहेब कधी आवाज चढवत नाहीत. हळू आवाजातच म्हणाले, "महिनाअखेर प्रत्येकी पाच केसेस. वरून विचारणा आहे." केसेस म्हणजे नसबंदीला तयार झालेले पुरुष, तीन किंवा जास्त मुलं असलेले. माझी अजून एकही नाही. आणीबाणी लागल्यापासून 'वरून' म्हटलं की कुणी पुढं प्रश्न विचारत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मागच्या महिन्यात घरी बसवलं. त्याची खुर्ची अजून तशीच आहे.

अब्बांचं पत्र आलंय. कोल्हापुरात दुकानावर कात्र्या-सुऱ्यांना धार लावता लावता लिहिलेलं, कागदाला तेलाचा डाग. "नजीरा, नोकरी सांभाळ. कुणाच्या अध्यात मध्यात पडू नको."

९ नोव्हेंबर

वाईट गेला दिवस. दूध संस्थेची खोली दुपारी रिकामी असते, तिथं बसलो. एकोणीस बायका आल्या. मी गोल करायचं विसरले. भिंतीला जीवनसत्त्वांचा तक्ता लावला आणि तासभर बोलत राहिले. झुंबरबाई म्हणून एक सत्तरीची म्हातारी आहे, वाडीतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. ती भिंतीला टेकून झोपली.

उठताना तिनंच विचारलं, "बाई, जीप कवा येणार?"

"कसली जीप?"

"माणसं न्हेत्यात ती."

मी म्हटलं, मी आरोग्याचं सांगायला आले, जीपचं मला काही माहीत नाही. बायका एकमेकींकडं बघत बाहेर पडल्या. त्या शिकायला आल्याच नव्हत्या. ही बाई कशासाठी आलीय, ते बघायला आल्या होत्या.

११ नोव्हेंबर

आज तक्ता गुंडाळून ठेवला. सगळ्यांना गोल बसवलं, मीही खालीच बसले. पिशवीतून सुपारी काढली. "ही जिच्या हातात, तिनं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मधे बोलायचं नाही."

आधी दोघी-दोघींच्या जोड्या केल्या. एकमेकींना आपली एक गोष्ट सांगायची, मग जोडीदारणीची गोष्ट सगळ्यांपुढं मांडायची. पहिली दहा मिनिटं नुसती कुजबुज. मग झुंबरबाईनं सुपारी घेतली आणि आपल्या जोडीदारणीची गोष्ट सुरू केली. नव्या नवरीनं सासूच्या भीतीनं करपलेली भाकरी चोळीत लपवली आणि पोट भाजून घेतलं. बायका हसून हसून लोळल्या. मग त्याच भाजल्यावर काय लावलं आणि ते कसं चिघळलं, हेही निघालं. तासभर मी भाजल्या-पोळल्याबद्दलच बोलले, सगळ्यांनी कान देऊन ऐकलं.

घरी येताना एस. टी.त उभी होते, तरी पाय दुखले नाहीत.

प्रत्येकीची गोष्ट मी वहीत उतरवते. शिकवलंय तशी: वरच्या ओळीत नाव, नवऱ्याचं नाव, वय, अपत्यं. खाली गोष्ट.

१२ नोव्हेंबर

आज शालूबाई बोलली. माझ्याच वयाची, पंचवीसची. तीन दिवस ती नुसती दाराजवळ बसून होती.

दोन वर्षांमागं तिची दोन्ही पोरं एका आठवड्यात घटसर्पानं गेली. थोरल्याचा घसा धरला तेव्हा बैलगाडी जुंपली. ओढ्याला पाणी होतं. गाडी पलीकडं काढेपर्यंत पोरगं मांडीवर गार झालं होतं. धाकट्याला पाच दिवसांनी. पोरगी आजोळी होती, म्हणून राहिली. ती आता चार वर्षांची आहे.

शालूबाई रडली नाही. सुपारी मुठीत धरून सांगत होती. शेवटी म्हणाली, "कुणी पोरं किती म्हून इचारलं, तर मी तीनच सांगते. एक म्हटलं की दोघं पुन्यांदा गेल्यागत वाटत्यात."

मग एकेकीनं आपापली गेलेली मुलं सांगितली. मी उद्या लशीबद्दल बोलणार आहे, आणि त्या ऐकतील.

वहीत वरच्या ओळीत लिहिताना पेन थांबलं. हयात एकच आहे. पण तिनं सगळ्यांसमोर तीन म्हटलं, आणि ते खोडणारी मी कोण? लिहिलं: शालूबाई पिराजी, वय २५, अपत्ये ३. खाली तिची सगळी गोष्ट, दोन पानं. मला स्वतःबद्दलच बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर, सोमवार

पोतनीस साहेब अचानक वाडीवर आले. मागं दारात उभं राहून अर्धा तास ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तालुक्यात असं शिबिर कुणी घेतलं नाही. बायका तुमच्याशी मोकळ्या बोलतात. आम्ही दारोदार फिरून जे कळत नाही, ते तुम्हाला बसल्या जागी कळतंय."

मी वही दाखवली. उभ्या उभ्याच चाळली त्यांनी. "ही राहू दे माझ्याकडं दोन दिवस. अहवालात घेतो."

माझ्या कामाचं कुणीतरी नाव काढलं. अब्बांना पत्र टाकलं.

१७ नोव्हेंबर

वही परत आली नाही. साहेबांचा निरोप आला की आजपासून ग्रामसेवक कृष्णात शिबिरात बसतील. ते दाराजवळ स्टुलावर बसले आणि बायकांचे पदर डोक्यावर आले. सुपारी तीन वेळा फिरून माझ्याकडंच परत आली.

निघताना कृष्णात म्हणाले, "बाई, तुमी नावानिशी लिवता व्हय समदं?"

मी म्हटलं, पद्धतच तशी आहे. ते माझ्याकडं बघत राहिले, मग सायकलवर बसून गेले. माझं शिबिर चांगलं चाललंय हे त्यांना बघवत नसावं.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

वही मागायला ऑफिसात गेले. साहेब जागेवर नव्हते. टेबलावर यादी पडली होती. वाडीतली अकरा माणसं. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, आणि माझ्या वहीची पानं ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं नावं आहेत हे लक्षात आलं. सातवं: पिराजी, अपत्ये ३. खाली लिहिलेलं: रविवार, पहाटे पाच, जीप व पोलीस.

साहेब आले. मी म्हटलं, "साहेब, शालूबाईचं एकच मूल हयात आहे. खाली गोष्टीत लिहिलंय मी."

"गोष्टी वाचायला वेळ कुणाला आहे?" ते हसून म्हणाले. "वरची ओळ तुमचीच ना? अक्षर तुमचंच आहे. नाव कमी करतो, त्या जागी दुसरं कुठलं देता?"

मी यादीतली बाकीची दहा नावं पुन्हा वाचली.

"घाबरू नका. तुमचे पाच मी यातच धरलेत."

मी बाहेर आले. नळावर तोंड धुतलं.

२० नोव्हेंबर, शनिवार

सरळ सांगायचं ठरवून गेले होते. बसमधे वाक्यं जुळवली होती. पण दारात स्टुलावर कृष्णात बसलेले. सांगितलं, त्यांनी साहेबांना कळवलं, तर? घरी बसवतील, का थेट तुरुंगात टाकतील? लोकांना कशाकशासाठी आत टाकलंय ते ऐकलंय मी.

मग सुपारी हातात घेतली आणि म्हटलं, "आज मी गोष्ट सांगते."

सांगितली. एक धनगरवाडा होता. त्यांच्यात एक पावणी आली, बोलायला गोड. तिच्यापाशी सगळ्यांनी आपापली करडं किती ते सांगितलं. तिनं ते एका पाटीवर लिहिलं. ती पाटी राजाच्या कारभाऱ्याच्या हाती पडली. ज्याची तीन करडं, त्याचा बोकड धरून न्यायचा असा हुकूम निघाला. पाटीवर मेलेली करडंसुद्धा जिवंत म्हणून लिहिली होती. एका धनगरणीची दोन करडं गेलेली, तीही मोजली.

तिथं शालूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, कळलं तिला.

झुंबरबाई म्हणाली, "मग? कवा यायचा त्यो कारभारी?"

"रविवारी. कोंबडा आरवायच्या आधी."

एवढ्यात कृष्णात उठले. "विडी वढून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. दूध संस्थेच्या ऑफिसात फोन आहे.

"किती बोकडं लिवलीती पाटीवर?" झुंबरबाईनं विचारलं.

"अकरा."

"कुणाकुणाची?"

मी धनगरांना नावं दिली. वाडीतल्या माणसांचीच नावं, थोडी फिरवून. म्हातारी बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "बोकडं जोतिबाच्या डोंगरावर न्ह्यायची की. रविवार देवाचाच हाय."

बाकीच्या रोजच्यासारख्या उठल्या, रोजच्यासारख्या गेल्या. त्यांना कळलं, का नुसती गोष्ट आवडली, मला सांगता येत नाही. कृष्णात अर्ध्या तासानं आले.

२१ नोव्हेंबर

पाच वाजता उठून बसले होते. रस्त्यानं गाडी गेली की खिडकीत जायचे. दिवसभर दाराला कडी. कुणीच आलं नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

शालूबाई आली नव्हती. बाकीच्या आल्या, पण कुणी बसेना. झुंबरबाईनं सांगितलं.

शनिवारी दिवस मावळायच्या आत दहा जण उसाच्या ट्रकवर बसून जोतिबाला गेले. पहाटे जीप आली तर घरोघरी नुसत्या बायका. पिराजी तेवढा गोठ्यात म्हशीची धार काढत बसला होता.

"त्याला सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं की. मी सोता गेलते. त्यो म्हनला, आजी, तीनवाल्यास्नी न्हेत्यात, माझी येकच पोरगी. मी कशाला पळू? शालू बी म्हनली, बाईंनी माझ्या पोरांची गोष्ट सांगितली, माझ्यासाठनं रडल्या बाई."

मी रडले नव्हते. आणि ती गोष्ट तिच्या पोरांसाठी नव्हती, तिच्या नवऱ्यासाठी होती.

धार काढता काढताच त्याला उठवलं. तो म्हणत होता, कुणालाबी इचारा, येकच हाय. त्यांनी कागद दाखवला. म्हशीखालची चरवी लवंडली. दुपारी तालुक्याच्या कॅम्पात शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी त्याला फाट्यावर आणून सोडलं.

बाहेर कृष्णात सायकल धरून उभे होते. खाली बघत म्हणाले, "साहेबांनी मला इचारलं, गावाला आगुदर कुणी सांगितलं. मी म्हटलं, म्हाईत न्हाय." आणि गेले. या माणसाला भिऊन मी सरळ बोलले नाही.

२३ नोव्हेंबर

वाडीवर गेले नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं.

खोटं. पोतनीस साहेबांनी बोलावलं होतं. वही परत दिली. "छान लिहिता. हल्ली शिबिरात काय सांगता?" मी म्हटलं, लहान मुलांचा आहार. "गोष्टीबिष्टी?" मी म्हटलं, नाही. ते माझ्याकडं बघत बराच वेळ चहा पीत राहिले.

२५ नोव्हेंबर

शालूबाईच्या घरी गेले. न सांगता राहता आलं असतं. यादी माझ्या वहीवरून झाली हे वाडीत कुणाला नक्की माहीत नव्हतं. वाटेत दोनदा मागं फिरले.

पिराजी सोप्यात पडून होता, भिंतीकडं तोंड करून. पोरगी त्याच्या पाठीशी चिंचोके मांडत बसली होती. शालूबाई म्हणाली, "बसा बाई. च्या ठेवते."

मी उभीच राहिले. म्हटलं, "शालूबाई, तो कागद माझ्या वहीवरनं केला. तुम्ही तीन म्हणालात, ते मी वर तसंच लिहिलं. वही मीच साहेबांना दिली. शनिवारी सरळ सांगायचं होतं, पण भ्याले आणि गोष्ट सांगत बसले."

चुलीवरचं पातेलं उतू गेलं. तिनं उचललं नाही.

"तू लिवलंस?"

आजवर ती मला 'तुमी' म्हणत होती.

"हो."

"मी तुला सांगितलं. कुणाला सांगत न्हाई ते सांगितलं." मग तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माझ्या सासूला येकच नातू हवा हुता अजून. ह्यांना बी. मला न्हाई. मला भ्या वाटायचं पुन्यांदा." तिनं पिराजीकडं बघितलं. "पन ते आमचं आमी ठरीवलं असतं की गं."

पिराजी भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "जाऊ द्या तिला."

मी आले.

२९ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यातल्या नर्सबाईंना आडून आडून विचारलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, कोल्हापूरला एक डॉक्टर आहेत, नस परत जोडतात. होईलच असं नाही. जितकं लवकर तितकं बरं. पण या दिवसांत तेही कचरतात. मूल एकच हयात आहे असा सहीचा कागद हातात असल्याशिवाय हात लावायचे नाहीत.

सही कुणाची? ऑफिस देणार नाही. म्हणजे माझी. माझ्या सहीनं लिहून द्यायचं की सरकारी यादी चुकली आणि ती माझ्यामुळं चुकली. तो कागद उद्या साहेबांच्या टेबलावर जाऊ शकतो. मी अब्बांचं पत्र काढून पुन्हा वाचलं, मग ठेवून दिलं.

२ डिसेंबर

वाडीवर जाऊन पिराजीला आणि शालूबाईला डॉक्टरांचं सांगितलं. पिराजी म्हणाला, आता कुठल्याच डॉक्टरापुढं जायचं नाही. शालूबाई म्हणाली, "मी संगं येते." तो तिच्याकडं बघायला लागला. झुंबरबाई उंबऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "जा रं. बघून तरी ये."

मी कागद लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. माझं नाव, माझा हुद्दा, माझी चूक. "हयात अपत्य: एक" इथं आले आणि शालूबाई म्हणाली, "थांब."

मी थांबले. ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

"दोघांची नावं घाल त्यात. नुसतं येक लिवू नकोस."

मी खाली लिहिलं: मयत, बाळकू, वय ५. मयत, सुबराव, वय ३. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग अंगठा पुढं केला. शाई लावताना तिचा हात गार होता, माझाही.

सही करून मी हुद्द्याचा शिक्का मारला. घाबरून तो दोनदा मारला गेला.

६ डिसेंबर, सोमवार
कोल्हापूर

सकाळच्या गाडीनं निघालो, तिघंच. पोरगी झुंबरबाईपाशी ठेवली. स्टँडवर एक जीप उभी होती, मी तोंडावर पदर ओढला. ती कुणा कंत्राटदाराची निघाली. पिराजी खिडकीजवळ आणि आम्ही दोघी मागच्या बाकावर. कागद माझ्या पोलक्यात. प्रत्येक थांब्याला कुणी चढलं की मी आधी पाय बघायची, खाकी आहेत का म्हणून. रजेचा अर्ज दिलाय, मंजूर झालेला नाही. परत जाईन तेव्हा माझ्या खुर्चीवर कोण असेल ते ठाऊक नाही.

संकेश्वर गेलं तरी शालूबाई एक अवाक्षर बोलली नव्हती. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "माझं समदं ऐकलंस तू. तुझं काय हाय का न्हाई? सांग कायतरी. वाट लांब हाय."

माझ्या मनात एकच गोष्ट होती. ती मी या रोजनिशीतसुद्धा लिहिली नव्हती. म्हटलं, "त्या दिवशी यादीत पिराजीचं नाव बघितलं मी. साहेब म्हणाले, तुमचे पाच यातच धरलेत. तर शालूबाई, मला बरं वाटलं. एवढंसं, पण बरं वाटलं. माझी नोकरी वाचली म्हणून. मग मी बाहेर जाऊन तोंड धुतलं."

पुढच्या बाकावर पिराजीची मान हलली नाही. ऐकलं का त्यानं, कळलं नाही. गाडी चढाला लागली होती. आता ही उठून दुसरीकडं जाऊन बसेल, म्हणून मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

शालूबाई खिडकीपासून वळली. माझ्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"मग?" ती म्हणाली. "सांग की पुढं."